पिंपळपानाची छपाई

सैन्यातल्या कारकुनीतून निवृत्त झाल्यावर आबांनी, माझ्या वडिलांनी, साताऱ्यात एक जुना संगणक घेतला आणि डॉसवर चालणाऱ्या एका मराठी प्रोग्रॅममध्ये वस्तीतल्या लग्नपत्रिका छापायला सुरुवात केली. बाजारातल्या तयार पत्रिकांवर गणपती असे. आम्हा बौद्ध घरांना तो चालत नसे. म्हणून आबांनी ठिपक्याला ठिपका लावून एक पिंपळपान रचले होते, आणि त्याखाली ‘नमो बुद्धाय’. वस्तीतले प्रत्येक लग्न त्या पानाच्या सावलीतून गेले होते.

माझे लग्न ठरले तेव्हा तो संगणक बंद पडलेला. मी सांगलीत एका डीटीपी केंद्रात अक्षरजुळणी करत असे. तिथे नुकताच विंडोजचा संगणक आणि लेझर प्रिंटर आला होता. आबा फ्लॉपी रुमालात गुंडाळून एसटीने आले. त्यांचा प्रोग्रॅम नव्या संगणकावर सुरू झाला, काळ्या पडद्यावर पान उमटले आणि आबा खुर्चीत जरा मागे रेलले.

प्रिंटरमधून मात्र कोरा कागद आला. वरच्या कोपऱ्यात चार परकी चिन्हे. मग दुसरा, तिसरा. जुना प्रोग्रॅम ज्या प्रिंटरशी बोलायला शिकला होता, तो हा नव्हता. ऊन ऊन कागद येत राहिले, त्यांना किंचित जळका वास होता.

“आवं आबा, सगळी रीम संपवताय का काय?” केंद्राच्या मालकीणबाई म्हणाल्या.

“तुमच्या मशीनला मराठी येत न्हाई, बाई. धाडा माझ्याकडं चार म्हैनं.”

त्या हसल्या. मी हसले नाही, कारण दर कोऱ्या कागदागणिक मला हलके वाटत होते. मला लेझरची ती रेशमी काळी अक्षरे हवी होती. मिरजेच्या माझ्या होणाऱ्या सासरी दातेरी कडांचे पान जाऊ नये, असे आत कुठेतरी वाटत होते. आबा वाया गेलेले कागद गोळा करून त्यांच्या कडा जुळवत बसले. ते मला बघवेना. मी माळ्यावर टाकलेला जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर उतरवून जोडला, संगणक पुन्हा नुसत्या डॉसमध्ये सुरू केला. सुया करकरू लागल्या, शाईच्या फितीचा तेलकट वास पसरला आणि पान देठाकडून टोकाकडे ओळीओळीने कागदावर उतरले.

“आता तुझ्या मशीनची काढ,” आबा म्हणाले.

नव्या प्रोग्रॅमच्या चित्रांत पिंपळ नव्हता. माथा मोकळा ठेवून मी पत्रिका छापली. आबांनी दोन्ही शेजारी मांडल्या.

“कुठली?”

“तुमची.”

“लय झटकन बोललीस गं.” त्यांनी आपली पत्रिका उचलून घडी घातली. “माझ्या पानाला दात हायत. ही मोकळीच छापा, बाई.”

मी नको म्हणायला तोंड उघडले. बाहेर पडला तो नुसता श्वास, सुटल्यासारखा. आबांनी तो ऐकला असावा.

वस्तीत पत्रिका वाटायला मी त्यांच्याबरोबर गेले. पहिल्याच घरी त्यांच्या पलटणीतल्या दोस्ताने पत्रिका उलटीसुलटी करून पाहिली.

“पान कुठं गेलं रं, गड्या?”

“पोरीला मोकळं आवडतं,” आबा कौतुकाने म्हणाले. पुढच्या प्रत्येक दारात, कुणी विचारायच्या आधीच, त्यांनी तेच सांगितले. आणि मी त्यांच्यामागे मान खाली घालून उभी राहिले.