बोडी की बॉडी

“भैया, ट्रक की बॉडी बनाने का अनुभव यहाँ नहीं चलता,” असं म्हणून बाबूंनी माझी फाइल परत सरकवली.

गोंदियाच्या बांधकाम खात्याच्या ऑफिसात मी कंत्राटदार म्हणून नोंदणी करायला तिसऱ्यांदा गेलो होतो. ही नोंदणी नसेल तर सरकारी कामाचं टेंडर भरता येत नाही. वीस वर्षं मी सिमेंट-लोखंड विकलं. पन्नाशीजवळ आल्यावर आपल्याही नावाचा बोर्ड असावा असं वाटू लागलं. सगळे कागद होते. एक पूर्ण झालेल्या कामाचा दाखला तेवढा नव्हता. तो मी केशोरीजवळच्या एका ओळखीच्या शेतमालकाकडून लिहून घेतला. टाइप करणाऱ्यानं ‘बोडी बांधकाम’ऐवजी ‘बॉडी बांधकाम’ करून ठेवलं.

बोडी म्हणजे शेतातला लहान तलाव, आमच्याकडे धान त्यावर निघतं, हे मी बाबूंना समजावलं. पेनानं तेवढं अक्षर सुधारू का, असंही विचारलं. ते म्हणाले, ती खाडाखोड होईल. त्यापेक्षा साहेब जागेवर जाऊन बघतील, की ट्रक आहे की तलाव.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. कारण ती बोडी मी बांधलीच नव्हती. बांधली होती सुकराम मिस्त्रींनी. त्यांच्या घराण्यात तलाव बांधायचं काम पिढ्यांपासून चालत आलेलं. मी फक्त सलंग बांधायला सिमेंट पोचवलं होतं. सलंग म्हणजे तलावाच्या पाळीतून, मातीच्या बांधातून, जादा पाणी निघून जायला ठेवलेली वाट. ती चुकली की पाळ फुटते.

मी मिस्त्रींना फोन करून सगळं सांगितलं. साहेब येतील त्या दिवशी आधाराला तिथे या, पण काही बोलू नका, अशी विनंती केली. ते बरं म्हणाले. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

साहेब पाळीवर उभे राहिले. बोडी बोडीच आहे, याची त्यांची खात्री पटली. मग सहज विचारल्यासारखं म्हणाले, “उतार पूर्वेला दिसतो. सलंग पश्चिमेला का ठेवलीत?”

“वास्तुशास्त्राप्रमाणे,” मी म्हणालो.

साहेबांनी मान डोलावली आणि ते लिहून घ्यायला लागले. मिस्त्रींना ते सहन झालं नाही.

“वास्तू नाही जी. तिकडची माती भुसभुशीत हाये, पाणी कापत नेते. इकडे मुरूम हाये.”

“तुम्ही कोण?”

मिस्त्रींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. “मजूर आहो जी. भाऊच्याच कामावर होतो.”

अहवालात आलं, अर्जदारास कामाची तांत्रिक माहिती आहे. मजूरही जाणकार ठेवतात. माझी नोंदणी झाली. दुकानावर बोर्ड लागला.

काही महिन्यांनी मिस्त्री कोरा फॉर्म घेऊन दुकानात आले. त्यांनाही नोंदणी करायची होती. “तुमची झाली ना भाऊ? आता माही करून द्या. दाखला तेवढा पाहिजे.”

ओझं उतरवायची संधी आली, असं मला वाटलं. त्याच बोडीचा, ती मिस्त्रींनी बांधल्याचा दाखला मी माझ्या लेटरहेडवर लिहिला, अक्षर न् अक्षर तपासलं आणि त्यांना घेऊन ऑफिसात गेलो. बाबूंनी कॉम्प्युटरमध्ये बघितलं.

“ये बोडी तो आपके नाम पर चढ़ी है. एक काम का अनुभव दो लोगों को नहीं मिलता.” मग त्यांनी कोरा कागद माझ्यापुढे ठेवला. आधीचा दाखला खोटा होता असं लिहून द्या, म्हणाले. माझी नोंदणी रद्द होईल, यांची होईल.

मी पेन काढलं. टोपण उघडलं. मग उद्या देतो असं म्हणून कागद घडी करून खिशात ठेवला.

बाहेर आल्यावर मिस्त्रींनी विचारलं, “उद्या येऊ काय जी?”

“मी फोन करतो,” मी म्हणालो.

फोन करायची गरज पडली नाही. मला पहिलं टेंडर मिळालं आणि मिस्त्री रोजच माझ्या कामावर येऊन राहिले. हजेरीपटावर ते मजूर आहेत. सलंग कुठे ठेवायची ते मी त्यांना विचारतो.

नोंदणी करू पाहणाऱ्यांना एवढंच सांगतो, की टाइप केलेला दाखला नीट वाचून घ्या. माझ्या दाखल्यात दोन चुका होत्या. बोडीच्या नावातली बाबूंनी लगेच पकडली. बांधणाऱ्याच्या नावातली मी अजून सुधारलेली नाही.