वरच्या खोलीत दोघींची जागा होती

ही गोष्ट मी इतकी वर्षं कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, आईजवळ नाही, विभागात ज्यांच्यासोबत रोज डबा उघडते त्यांच्याजवळही नाही. मागच्या महिन्यात ती पहिल्यांदा तोंडातून निघाली, ज्या बाईचं मी वाईट केलं तिच्याचपुढे. आता तुम्हाला सांगते. तुम्ही माझेच लोक आहात, म्हणून जरा सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये.

आपल्या आरोग्यशास्त्र विभागाचं हे वार्तापत्र मीच जुळवते, हे तुमच्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक आहे. कोण कुठं रुजू झालं, कोणत्या मॅडम निवृत्त झाल्या, नवीन प्रयोगशाळेची खोली अखेर मिळाली की अजून कागदावरच आहे — सगळं माझ्या फोनवर येतं. मी ते नीट लावते, शुद्धलेखन बघते, आणि अंक ग्रुपवर टाकते. मला हे काम आवडतं. लोक चांगल्या बातम्या कळवतात. भांडणं, राहून गेलेल्या गोष्टी — त्या कोण कळवतं?

मागच्या अंकासाठी मी फील्डवर्कच्या आठवणी मागवल्या होत्या. संघमित्रानं पाठवली. ती माझ्याच बॅचची. आता आपल्याच जिल्ह्यात एका ग्रामीण रुग्णालयात समुपदेशक आहे. तिनं लिहिलं होतं की आम्हा दोघींना घनसावंगी तालुक्यातलं एक गाव मिळालं होतं. वंदनाला, म्हणजे मला, तिथल्या एका घरात खोली मिळाली. तिला मात्र त्या घरात जागा नव्हती. का नव्हती, हे तिला तेव्हाच कळलं होतं. पुढे तिचे शब्द असे होते: "पण वंदनानं मला ते जाणवू दिलं नाही. खोली लहान आहे, एवढंच ती म्हणाली. माझं मन दुखू नये म्हणून ती खोटं बोलली, आणि त्या खोट्यासाठी मी आजही तिची आभारी आहे."

तुम्ही ते वाचलंत. किती जणांनी त्याखाली हात जोडले. कुणीतरी लिहिलं, अशी मैत्रीण सगळ्यांना मिळो.

आणि मी? मी तिच्या मजकुरातलं एक ऱ्हस्व-दीर्घ सुधारलं, आणि अंक काढला.

कुठून सुरू करू? खोलीपासूनच करते.

त्या वर्षी थंडीत आमचं फील्डवर्क होतं. विषय होता बायकांच्या अंगातलं रक्त कमी असण्याचा. गावात राहायचं, घरोघरी बोलायचं, काय खातात, कोण आधी जेवतं, कोण शेवटी, हे समजून घ्यायचं. सरांनी बजावलं होतं की गावात राहिल्याशिवाय बायका बोलत नाहीत. राहायची सोय बघायला मी एक दिवस आधी एकटीच गेले. संघाला त्या दिवशी जमलं नव्हतं. आम्ही तिला संघाच म्हणायचो.

आम्ही दोघी येणार हे अंगणवाडीच्या ताईंना कळवलं होतं; त्यांनी मला सुभद्राकाकूंकडे नेलं. बऱ्यापैकी जमीन असलेलं शेतकऱ्याचं घर. समोरच्या खोलीत कापसाचा ढीग, त्यावर काकूंच्या नातेवाईकांपैकी कुणीतरी झोपलेला. वरती एक नवीन खोली बांधलेली होती, लेकाचं लग्न पुढच्या वर्षी करायचं म्हणून. अजून रंगसुद्धा दिला नव्हता. चांगली मोठी, दोन बाजूंनी खिडक्या. काकूंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "दोघी राहा ना. एकटीला करमायचं न्हाई तुला. गाद्या हायेत, गोधड्या हायेत. बिलकुल लाजू नको."

दोघी राहा — हे शब्द त्यांचे होते. मी विचारायच्या आधी त्या म्हणाल्या होत्या.

आणि मी म्हणाले, "दुसरी न्हाई राहणार, काकू. तिची मावशी अंकुशनगरला हाय. ती जाऊन-येऊन करणार हाय."

तुम्हाला वाटेल, पटकन निघून गेलं असेल तोंडातून. मलाही पुढे बरीच वर्षं तसं वाटून घ्यायला आवडलं असतं. पण ते वाक्य मी तीर्थपुरीहून गावात येताना जीपमध्येच जुळवलं होतं. संघाच्या बोलण्यात त्या मावशीचा उल्लेख आला होता. तिचे यजमान साखर कारखान्यात कामाला होते. मला ती मावशी बराबर आठवली — कामाला येईल म्हणून आठवली.

मी अंबडची. वडील शिक्षक, गावाकडं शेती. संघाचं घर बौद्ध, आजोबांच्या पिढीपासून. वर्गात आम्ही शेजारी बसायचो, एकमेकींच्या डब्यातलं खायचो, मी तिच्या हातची शेंगदाण्याची चटणी मागून घ्यायचे. पण तिला मी अंबडला माझ्या घरी कधी नेलं होतं का? नाही. ती अंबडवरून जायची तेव्हा मी तिला स्टँडवर भेटायला जायचे. चहा प्यायचो, हसायचो, आणि मी एकटी घरी यायचे. घर तिथून चालत जाण्यासारखं होतं. त्यात काही चुकतंय असं मला वाटायचं नाही — म्हणजे, वाटायचं. मी तिकडं बघायचे नाही.

काकूंच्या दारात मला भीती वाटली, हे खरं. नाव विचारतील, नावावरून कळेल, मग चुलीपाशी कुजबुज होईल, मग मलाही खोली सोडावी लागेल, गावातल्या बायका माझ्याशीही बोलायच्या नाहीत. हे सगळं मी मनात रचलं. पण यातलं काकूंनी काय केलं होतं? काहीच नाही. त्यांनी फक्त दार उघडलं होतं. नाही म्हणायची पाळी मी त्यांच्यावर येऊच दिली नाही. हो म्हणायचीही नाही.

आणि भीतीच्या खालीही काहीतरी होतं. मी त्या घरात आमच्यातली म्हणून राहणार होते. काकूंनी माझं आडनाव ऐकून लगेच कोणाची कोण हे जुळवलं होतं, आणि मला ते बरं वाटलं होतं. संघा सोबत असती तर मी तशी राहिले नसते. तिच्यासोबतची झाले असते. मला ते नको होतं. हे लिहायला मला इतका वेळ लागला.

संध्याकाळी परत आल्यावर मी संघाला म्हणाले, "खोली लई लहान हाय गं. काकू म्हणतात एकीचंच जमंल."

ती क्षणभर माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "चालतंय की. मावशीकडून करते मी." आणि माझ्या हातावर हात ठेवला. तेव्हा मला वाटलं, सुटले. तिनं हात का ठेवला होता ते मला आता, तिचा मजकूर वाचून कळलं. तिला वाटलं, काकूंनी मला काहीतरी ऐकवलंय आणि मी ते एकटीनं पोटात ठेवतेय. तिला माझी कीव आली होती.

मग काय झालं, ते अगदी साधं आहे. कापूस वेचणीचे दिवस. बायका सकाळी लवकर शेतात जायच्या, त्या थेट दिवस मावळताना परत यायच्या. खरं बोलणं व्हायचं ते संध्याकाळी, भाकरी थापताना, लेकरं झोपवताना. संघा अंकुशनगरहून जीप बदलत, शेवटचा रस्ता चालत गावात पोचायची तेव्हा घरांना कड्या असायच्या. म्हाताऱ्या आणि लहान लेकरं तेवढी असायची. आणि बायका परतायच्या वेळेला तिला शेवटच्या जीपसाठी निघावं लागायचं. वाटेत त्या समोरून यायच्या, डोक्यावर गाठोडी घेऊन. ती थांबून बोलायला बघायची. दिवसभर वाकलेल्या बायका रस्त्यात किती थांबणार?

मी मात्र चुलीपाशी बसलेली असायचे. बायका मला सगळं सांगायच्या.

काकू तिला येता-जाता हाक मारायच्या. "ये की गं, च्या घेऊन जा." संघा हसून मान हलवायची आणि पुढं जायची. तिला वाटायचं, वरवरचं बोलावणं आहे. काकूंना वाटायचं, पोरगी जरा तोऱ्यात दिसते. दोघींच्या मध्ये मी उभी असायचे, आणि मी दोघींनाही काही सांगायचे नाही.

शेवटच्या दिवसांत एकदा काकू तव्यावरची भाकरी उलटता उलटता म्हणाल्या, "तुझी मैतरीण चालून चालून वाळून गेली बघ. इथं राह्यली असती तर काय झालं असतं? मला कळलंय ती कोणाची हाय ते. तिच्या घरच्यांनाच आमच्यात राहणं चाललं नसंल, न्हाई का?"

त्या क्षणी सांगता आलं असतं. काकू रागावल्या असत्या, कदाचित मला घालवूनही दिलं असतं, पण काम तसंही संपत आलं होतं. माझं काय जाणार होतं?

मी म्हणाले, "हो काकू, तसंच असंल."

पुढचं तुम्हाला माहीत आहे, निदान वरवरचं. तोंडी परीक्षेत सर संघाला म्हणाले की तुमचा बायकांशी संपर्क कमी पडला. माझ्या कामाचं कौतुक झालं, आणि विभागातल्या प्रकल्पावर मला घेतलं. तिथूनच मी आजच्या या खुर्चीपर्यंत आले. संघाला विभागात राहायचं होतं. तिनं ते मला सांगितलंही होतं, एकदाच.

अंक निघाल्यावर मी बरेच दिवस तुमचे निरोप वाचत होते. मग एक दिवस रजा टाकली आणि संघाच्या रुग्णालयात गेले. दुपारची ओपीडी संपत आली होती. तिच्या टेबलापुढच्या बाकावर मी इतरांसारखी बसले. तिनं मला पाहिलं आणि उठलीच. "आगं वंदना, आधी सांगायचं ना. जेवलीस का?"

मी तिला तिथंच सांगितलं. दार उघडं होतं, व्हरांड्यात कुणीतरी लेकरू रडत होतं. सगळं सांगितलं, दोघी राहा म्हणाल्या तेही, आणि चुलीपाशी विचारलं तेही. तिनं मला मध्ये एकदाही थांबवलं नाही. संपल्यावर तिनं विचारलं, "काकू हायेत का अजून?"

काकू मागच्या उन्हाळ्यात वारल्या. मी सांगितलं.

संघानं टेबलावरचा पेन उचलला, टोपण लावलं, काढलं. मग हळू आवाजात बोलायला लागली. "त्या इथं आल्त्या. दोनेक वर्षं झाली असतील. शुगरची तपासणी करायला. तू बसलीस ना, तिथंच बसल्या. डोळ्याला कमी दिसत होतं त्यांना, तरी माझ्याकडं बघत राह्यल्या. मंग म्हणाल्या, बाई, तू ती चालत येणारी पोरगी ना, आमच्या गावाला? मी न्हाई म्हणाले. त्यांनी परत विचारलं. मी म्हणाले, न्हाई हो, तुमची काहीतरी चूक होऊन राह्यली." तिनं पेन खाली ठेवला. "काय खायचं, काय न्हाई, ते सांगितलं मी त्यांना. सगळं बराबर सांगितलं. एक शब्द जास्तीचा बोलले न्हाई."

मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. तिनं हातानं थांबवलं. चिडली नव्हती. तिचा आवाजही चढला नाही.

"माझ्यासोबत जे केलंस ते केलंस," ती म्हणाली. "मला सवय हाय त्याची, मी बाकीच्यांकडूनबी पाह्यलंय. पण त्या बाईला तू माझ्या मनात इतकी वर्षं तसं ठेवलंस. आणि मी ते छापून टाकलं. आपल्या सगळ्या लोकांनी वाचलं." मग म्हणाली, "तू दुरुस्त कर. माझं नाव घालून लिही, त्यांचंबी घाल. जसं झालं तसंच लिही. तुझ्याबद्दल चांगलं काही लिहू नको."

बाहेरून नर्सनं आत डोकावून एका पेशंटचं नाव घेतलं. संघा म्हणाली, "पाठवा." मी उठले. ती मला सोडायला दारापर्यंत आली नाही.

म्हणून हे लिहिलं. काकूंचं नाव त्यांच्या घरच्यांना विचारून घातलं आहे. लेकाशी फोनवर बोलताना सगळं सांगावं लागलं. तो ऐकून घेत होता. शेवटी एवढंच म्हणाला की आईनं नंतरही कधी कधी त्या पोरीचं विचारलं होतं.

परवा अंगणवाडीच्या ताईंचा फोन आला होता. त्यांनी सहज सांगितलं की मधल्या एका रविवारी संघा त्या गावात गेली होती. काकूंच्या सुनेजवळ बसली, चहा घेतला, वरची खोली बघितली. आता तिथं काकूंच्या नातींचा अभ्यास चालतो. दुपारी शेजारच्या बायकाही येऊन बसल्या. ऊन उतरेपर्यंत त्यांचं बोलणं चाललं होतं, म्हणे. काय बोलल्या ते ताईंना माहीत नव्हतं. त्यांनी मला विचारलं, तुम्ही कशा नाही आलात?

मी म्हणाले, मला बोलावलं नव्हतं.