कापसाच्या खोलीतला दिवा
साठवलेल्या कापसाचा उबट वास आला की अजून मला ती दुपार आठवते. त्या वर्षी कापसाला भावच नव्हता, म्हणून दारव्ह्याच्या आमच्या घरात एक खोली आढ्यापर्यंत कापसानं भरलेली होती. मी मोबाइलवर विशेष शिक्षिकेचा अभ्यासक्रम करत होते आणि सरावाला शेजारची कर्णबधिर मुलगी यायची. दिव्याची उघडझाप झाली की माझ्याकडे यायचं, ही खूण तिला नुकतीच कळली होती. एका दुपारी मी मोबाइलमध्ये गुंतलेली असताना ती त्या खोलीत शिरली आणि कापसाची गंजी धसकन घसरली. मी तिच्या नावानं ओरडत दोन्ही हातांनी कापूस उपसू लागले. तिची आई धावत आली. “अवं बाई, हाका कायले मारून राह्यली? तिले ऐकू येते काय?” मी त्या अंधाऱ्या खोलीतल्या दिव्याच्या बटणाकडे झेपावले. दिवा लावला, विझवला, पुन्हा लावला. कोपऱ्यातला कापूस हलला आणि पांढरंफेक डोकं हसत वर आलं. आता माझा स्वतःचा वर्ग आहे. पण कुठल्याही खोलीत शिरले की मी आधी दिव्याचं बटण शोधते, भर दुपारीसुद्धा.