मोडलेला कोयता

सर गेल्याचं परवा कळलं, आणि मला आधी आठवला तो त्यांनी आमच्या घरी आणलेला कोयता.

सर मूळचे कोकणातले. आमच्या गावाबाहेर सरकारी शेती केंद्र होतं, तिथं ते कमी पाण्यात तग धरणाऱ्या ज्वारीवर संशोधन करायचे. दिवसभर ताटांची मुळं धुऊन बघायची आणि संध्याकाळी शाळेच्या मैदानावर आम्हा पोरींना खो-खो शिकवायचा. ज्वारी त्यांना कळायची, खो-खो कळायचा, आमची बोली मात्र काही केल्या कळायची नाही. त्या साली दुष्काळ होता. प्यायलाच टँकर, तर मैदानावर शिंपडायला पाणी कुठलं? आमचे गुडघे सोलू नयेत म्हणून सर खांबाजवळची जमीन स्वतः कुदळीनं भुसभुशीत करायचे आणि रेघा चुलीतल्या राखेनं आखायचे.

कुणी चुकलं तरी ते ओरडत नसत. "खो मोठ्यानं द्या गं," एवढंच म्हणायचे, "बसलेली तुमच्या भरवशावर बसलीय." मी त्यांच्या नाकातल्या बोलण्याची हुबेहूब नक्कल करायचे. त्यांना ते ठाऊक होतं. बापाइतकाच माझा त्यांच्यावर जीव होता.

दसरा झाला की आमचं गाव रिकामं व्हायला लागतं. घरोघरची माणसं पश्चिमेकडच्या सहकारी साखर कारखान्यांच्या उसाला, म्हणजे ऊसतोडीला निघतात. त्या वर्षी आईची कंबर धरली होती, तिला उठवतही नव्हतं, आणि आबांनी मुकादमाला शब्द देऊन ठेवलेला. आईच्या जागी मी जायचं ठरलं. तालुक्याचे सामने गेले, शाळाही गेली. मी मैदानावर रडले तसे सर त्याच संध्याकाळी आमच्या दारात आले.

"पोरगी चांगली खेळती, म्या कुठं न्हाई म्हणतो," आबा म्हणाले. "पण औंदा घरचा कोयता मोडलाय, साहेब. म्हणून तिला न्यावं लागतंय."

सरांनी मान डोलवली. कोयता मोडला तर पोरगी कशाला न्यायची, हे कोडं त्यांना पडलंच असणार. पण शास्त्रज्ञ माणूस, अडचण कळली की उपाय शोधणार. दुसऱ्या दिवशी घाटनांदूरच्या बाजारातून त्यांनी कोरा कोयता आणला, लोहाराकडून धार लावून, पोत्याच्या तुकड्यात गुंडाळून. मोठ्या समाधानानं तो आबांच्या हातात दिला.

आबा कोयत्याकडं बघत राहिले. तेवढ्यात अंथरुणावरून आईचं हसू ऐकू आलं. कंबर दाबून धरून ती हसत होती. कितीतरी दिवसांनी हसत होती.

"साहेब, उसाला कोयता म्हंजी नवरा-बायको," ती म्हणाली. "दोघं मिळून एक कोयता. मोडलाय ती मी हाय."

सर कानापर्यंत लाल झाले. मग तिथंच उंबऱ्यावर बसले आणि आईला म्हणाले, "फार दुखतं का, ताई?" हे तिला तोवर आमच्यापैकी कुणी विचारलं नव्हतं. आईनं पदर तोंडाला लावला.

कोपऱ्यात माझी आत्या तूर निवडत होती. तिचा नवरा उसाच्या फडातच गेला, तेव्हापासून ती माहेरीच होती आणि पुन्हा उसाला गेली नव्हती. ती उठली, आबांच्या हातातून कोयता घेतला, दोनदा तोलून पाहिला.

"हलका हाय. माझ्या हाताला बसतोय. भावाबहिणीचाबी कोयता हुतोय की."

"अक्के, तू न्हाई जायचं," आबा म्हणाले.

"कावून? पोरगी पळती तवा म्या बांधावरनं बघते रोज. लई ग्वाड दिसती."

आबा बाहेर जाऊन बैलाच्या रिकाम्या गव्हाणीपाशी उभे राहिले.

टोळी निघायच्या दिवशी वेशीत ट्रॅक्टर उभा होता. सरही आले होते, बाजूला लिंबाखाली. सामान चढलं, आबा चढले. मी रडू आवरत उभी होते, तेवढ्यात पाठीवर सणसणीत थाप बसली.

"खो," आत्या मोठ्यानं म्हणाली, आणि ट्रॉलीत चढून बोचक्यावर जाऊन बसली.

मला हलता येईना. मी सरांकडं पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते.

"ऐकू आला ना?" ते म्हणाले. "मग पळ."