सातव्या होलवरचे पाच फटके

रंजना गेल्याचा फोन आला तेव्हा मला आधी हायसं वाटलं. दुःख नंतर आलं, आणि ते नंतर आलं हे लपवून मला हा लेख लिहिता येणार नाही. फोन तिच्या धाकट्या भावाचा, हरेशचा होता. “मिलिंददादा, ताई गेली सकाली,” एवढंच तो बोलला. मी “अरे...” म्हणालो आणि फोन तसाच कानाला धरून उभा राहिलो. मनात पहिला विचार आला तो असा, की आता ते कुणालाच कळणार नाही. अकरा वर्षांपूर्वी मी रंजनाच्या बाबतीत एक चूक केली होती. चूक म्हणतो, कारण ती सुरुवातीला खरोखरच चूक होती. पुढच्या दोन मिनिटांत मी त्या चुकीचं काय करून ठेवलं, ते मात्र चूक या शब्दात बसत नाही. त्या फोनला आता सात आठवडे होऊन गेले.

आम्ही दोघं डोंबिवलीत, मानपाड्याच्या बाजूच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका रंगांच्या कंपनीत नोकरीला होतो. मी खरेदी विभागात, ती प्रयोगशाळेत. मी डोंबिवलीचाच, सरळ रेषेत वाढलेला पगारदार माणूस. ती ठाण्याच्या बाळकुमची, आगरी घरातली. आजोबांचं मिठागर होतं, वडिलांची खाडीकाठी भातशेती. लग्न केलं नव्हतं, भावाच्या घरात राहायची, रोज स्कूटरवरून इतक्या लांब यायची आणि आल्या आल्या पहिल्यांदा कुणाची तरी टिंगल करायची. तांदळाची भाकरी आणि सुक्या बोंबलांची चटणी डब्यात असली की अख्खं टेबल तिच्याभोवती गोळा व्हायचं. मी तेव्हाही जरा बाजूला बसून ते बघायचो. माझ्या डब्याभोवती कधी कुणी गोळा झालं नाही.

खाडीच्या अंगाला नऊ होलचं एक गोल्फचं मैदान झालं, ते तिच्या आणि शेजारच्या काही घरांच्या जमिनीवर. जमीन देणाऱ्या प्रत्येक घराला क्लबनं एक तहहयात सभासदत्व दिलं आणि ते त्या घरातल्या पुरुषाच्या नावावर लागलं. रंजनाच्या घरात ते हरेशच्या नावावर होतं. तो तिथं दोनदा गेला असेल, दोन्ही वेळा लग्नाच्या रिसेप्शनला. माझं सभासदत्व कंपनीकडून होतं. बाहेरून येणाऱ्या गिऱ्हाइकांना घेऊन जायला कुणीतरी हवं म्हणून साहेबांनी मला पुढं केलं. आमच्या सोसायटीत गोल्फ खेळणारा मी एकटा. याचा मला किती अभिमान होता हे आता लिहितानाही लाज वाटते. त्या अभिमानापायीच मी रंजनाला एकदा सरावाच्या जागी घेऊन गेलो. तिनं मला खेळताना बघावं, एवढाच हेतू होता.

तिनं बघितलं. मी तीन वेळा वाकून, नीट उभा राहून, चौथ्यांदा वाकलो तेव्हा मागून आवाज आला, “मिल्या, तू चेंडू मारतोयस की त्याला नमस्कार करतोयस?” मग तिनं माझ्या हातातली स्टिक घेतली, ओढणी कमरेला खोचली आणि मारला. मला तो आवाज आठवतो. टणक, कोरडा, एकच. माझ्या चेंडूचा तसा आवाज कधी आला नव्हता, पुढेही क्वचितच आला. चेंडू कुठं पडला ते बघत ती म्हणाली, “तिथं आमचं खाचर होतं रे. लावणीच्या वेळी मी तिथंच चिखलात पडलेली.” मी हसलो आणि आतून मला काहीतरी टोचलं. पुढच्या दोन वर्षांत ते टोचणं गेलंच नाही. साहेब गिऱ्हाइकांना सांगायचे, “आमच्या रंजनामॅडमना भेटा, काय खेळतात!” माझी बायको माझ्याच ताटात वाढता वाढता विचारायची, “रंजनाताईंनी आज कितीत संपवलं?” मी चिडून म्हणायचो की मी काय तिचा हिशोबनीस आहे का.

पण क्लबमध्ये ती खेळायची ते हरेशची बहीण म्हणून. पूर्ण सभासद फक्त पुरुष. घरातल्या बायका ‘कुटुंब सदस्य’. त्यांनी सोमवार ते शुक्रवार, अकरा ते चार खेळायचं. मतदान नाही, आणि शनिवार-रविवारी सकाळी तर मैदानात पाऊलही नाही. अकरा ते चार म्हणजे भर उन्हात, आणि ती तर त्या वेळी प्रयोगशाळेत. मग ती बुधवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकायची. एकदा मला म्हणाली, “नोकरी करणाऱ्या बाईनं खेळायचं नाही आणि खेळणाऱ्या बाईनं नोकरी करायची नाही, असा नियम आहे बघ तुमचा.” ‘तुमचा’ म्हणाली, कारण तोवर मी क्लबच्या कार्यकारिणीत गेलेलो.

तिनं पूर्ण सभासदत्वाचा अर्ज दिला तेव्हा बैठकीत तो हातोहाती फिरला. मग सबनीससर, निवृत्त इंजिनिअर, नियमांचे पक्के, म्हणाले, “माझा बायकांना विरोध नाही हो. पण रविवारी खेळ रेंगाळेल.” शेवटी ठरलं की वार्षिक स्पर्धेत तिला खास परवानगीनं खेळू द्यायचं. पहिल्या दहात आली तर नियम बदलण्याचा ठराव सर्वसाधारण सभेपुढं ठेवायचा. ही बातमी मीच तिला दिली. ती प्रयोगशाळेत रंगाची पट्टी वाळवत होती. पट्टी तशीच हातात धरून म्हणाली, “म्हणजे रविवारी सकाळी? साडेसहाला? ऊन यायच्या आधी?” तिचा चेहरा बघून मला आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल थोडा...

स्पर्धेला आम्ही तिघं एका गटात होतो, ती, मी आणि सबनीससर. इथं एक गोष्ट सांगायला हवी. गोल्फमध्ये स्पर्धेत आपले फटके आपण लिहीत नाही. आपलं कार्ड बरोबरच्या खेळाडूकडं असतं, तो प्रत्येक होलवरचे फटके लिहितो, शेवटी आपण ते तपासून सही करतो. सही केलेल्या कार्डावर एखाद्या होलचा आकडा खऱ्यापेक्षा जास्त लिहिलेला असेल तर तोच धरतात, नुकसान आपलं. पण कमी लिहिलेला असेल, तर खेळाडू स्पर्धेतून बाद. पंच फिरत नसतात, सगळा खेळ विश्वासावर चालतो. रंजनाचं कार्ड माझ्या खिशात होतं.

सातवा होल खाडीला लागून आहे. माझा पहिला चेंडू पाण्यात गेला, दुसराही गेला. रंजनाचा वाळूत अडकला, तिनं तो काढला आणि पाच फटक्यांत होल संपवला. मी त्या वेळी स्वतःच्या आठ फटक्यांचा विचार करत होतो. तिच्या रकान्यात मी चार लिहिले. एवढी चूक खरी, निव्वळ लक्ष नसल्याची. खेळ संपल्यावर मांडवात बसून मी बेरीज केली तेव्हा ती चूक मला दिसली. फळ्यावर लागलेल्या आकड्यांत पाच धरले तरी रंजना चौथी येत होती. मी एकोणिसावा होतो. पेन माझ्या हातात होतं, खोडून पाच लिहायला एक क्षण पुरला असता. तेवढ्यात ती आली, घामानं थबथबलेली, पाण्याची बाटली तोंडाला लावून. हात पुढं करून म्हणाली, “दे रे, बघते एकदा.” आणि मी म्हणालो, “बरोबर आहे गं. मी लिहिलंय ना.” कार्ड मी हातात दिलं नाही, टेबलावर धरून फक्त सहीची जागा बोटानं दाखवली. “तुझ्यावर सोडलं बाबा,” म्हणून तिनं सही केली.

टेबलाशी कार्डं बघायला सबनीससर होते. त्यांनी चष्मा वर केला. “मॅडम, सातव्यावर तुमचे पाच ना? इथं चार दिसतायत.” रंजनानं डोळे मिटले आणि बोटांवर मोजलं. “एक... दुसरा वाळूत... तिसऱ्याला बाहेर... चार... पाच. हो सर, पाचच.” तिला नियम माहीत होता. तरी ती अर्धा क्षणही थांबली नाही. सर म्हणाले, “मग माझा नाइलाज आहे.” त्यांचा खरोखरच नाइलाज होता. त्यांनी नोंदवहीत तिच्या नावापुढं ‘अपात्र’ लिहिलं. मी शेजारी उभा होतो. लिहिताना चुकलो एवढं मी पुटपुटलो, पण पुढचं, म्हणजे चूक दिसली होती आणि तिनं कार्ड मागितलं होतं, ते बोललो नाही. गाडीपाशी तीच माझी समजूत काढत होती. “तुझं काय रे, कुणाकडूनही होतं. सही माझी आहे. मी हट्टानं कार्ड घ्यायला हवं होतं.”

ठराव सभेपुढं आलाच नाही. क्लबच्या कँटीनमध्ये कुणीतरी म्हणालं, “बाईंनी एक फटका गिळला की!” त्यावर हशा झाला. “आगऱ्यांची पोरगी, जमिनीचा बांध सरकवतात तसा आकडा सरकवला,” असंही एकजण म्हणाला. मी चहा संपवला आणि उठलो. त्या रात्री मला शांत झोप लागली, हेही लिहून टाकतो.

पुढं तिनं वर्तकनगरच्या एका शाळेच्या मैदानात मुलींना शिकवायला सुरुवात केली. प्लास्टिकचे चेंडू, कापून आखूड केलेल्या जुन्या स्टिका. मी एकदा माझ्या दोन जुन्या स्टिका द्यायला गेलेलो. ती मुलींना सांगत होती, “कार्ड आधी आपल्या हातात घ्यायचं. मग सही. लिहिणारा कितीही जवळचा असू दे, काय?” मुली एका सुरात “हो ताई” म्हणाल्या. मला बघून ती हसली, “बघा, हा माझा मित्र, ह्यानंच मला खेळात आणलं.” माझे कान तापले. आणि खरं सांगतो, त्या क्षणीसुद्धा अपराधाच्या जोडीनं मत्सर होताच. त्या मुली तिच्याकडं ज्या नजरेनं बघत होत्या, तसं माझ्याकडं कुणी कधी बघितलं नव्हतं.

गेल्या वर्षी क्लबातल्या तरुण सभासदांनी रेटा लावला आणि नियम बदलला. बायकांना पूर्ण सभासदत्व. पहिली यादी यंदाच्या सभेत मंजूर व्हायची होती. अर्जांची छाननी माझ्याकडं. रंजना तेव्हा आजारी पडली होती, तरी तिचा अर्ज सगळ्यांत आधी आला. त्यात एक रकाना होता, क्लबच्या स्पर्धेत कधी अपात्र ठरला असल्यास कारण. तिनं निळ्या शाईत, प्रयोगशाळेत लिहायची तशा सुट्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘सही करण्यापूर्वी कार्ड तपासले नाही. चूक माझी.’ मी तो कागद कितीतरी वेळ धरून बसलो. मग खाली ‘अर्ज पूर्ण आहे’ असा शेरा मारून माझी सही केली.

तिला सांगायचं ठरवून मी बाळकुमला तीनदा गेलो. शेवटच्या वेळी ती उशांना टेकून बसलेली, अगदी हलकी झालेली. “सभा कधी रे?” “पुढच्या महिन्यात.” “मग रविवारी नेशील? खेळणार नाही मी. नुसती उभी राहीन, सकाळची.” मी म्हणालो, “रंजना, मला तुला एक...” तेवढ्यात तिच्या शिकवणीतल्या तीन मुली आल्या, दारातूनच “ताई!” करत. तिचा चेहरा उजळला, आणि मला ते सहन झालं नाही. पुन्हा येतो म्हणून मी उठलो. पुन्हा जाणं झालं नाही. अंत्ययात्रेत गल्लीत मावेना इतकी माणसं आली. माझ्या वेळी एवढी येतील का, हे मी तिथंही मनात म्हणत होतो.

सभा तिच्यानंतर सोळा दिवसांनी झाली. शोकप्रस्तावासाठी हरेशला बोलावलं होतं. तो पांढरा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला होता. सबनीससर आता अध्यक्ष आहेत. त्यांनी सुचवलं की महिलांच्या स्पर्धेचा चषक रंजनाच्या नावानं असावा. मागून कुणीतरी म्हणालं, “पण सर, त्या अपात्र झालेल्या ना? कार्डावर फटके कमी दाखवून? नव्या मुलींपुढं तेच नाव ठेवायचं?” कुणी हसलं नाही. पण कुणी नाहीही म्हटलं नाही. हरेश मान खाली घालून बसला होता.

मी उठलो. “ते कार्ड मी लिहिलं होतं,” मी म्हणालो. “चार मी लिहिले. तिनं सही करायच्या आधी मला चूक दिसली होती. नोंदवहीत अपात्र शब्द तसाच राहू द्या, पण तिथं तिचं नाव खोडून माझं लिहा.”

सबनीससरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. हरेश वळला. त्याला सगळं उमगायला वेळ लागला. “म्हंजे ताईनं काय केलाच नव्हता?” तो म्हणाला. “दादा, मी घरात बोल्लो होतो तिला. पुरुषांत खेलायला गेलीस न् घराचं नाव घालवलंस, असं बोल्लो. ती काय बोल्ली नाय मना... तुमी का केलंत असं?”

सगळी सभा ऐकत होती. मला एकच उत्तर माहीत होतं.

“ती माझ्याहून चांगली खेळायची, हरेश. मला ते बघवत नव्हतं. तिनं कार्ड मागितलं होतं, मी दिलं नाही. हे तिला सांगायला मी तुमच्या घरी तीनदा आलो आणि तिन्ही वेळा न सांगता परत गेलो. तू तिला जे बोललास ते माझ्यामुळं बोललास. मला माफ कर.”