खारी हवा आणि हातखंब्याचा कॉम्प्युटर

हसू नका, पण रत्नागिरीतला एक अख्खा कॉम्प्युटर मी निव्वळ शहाणपणापायी टेम्पोत घालून हातखंब्याला नेला होता. होय, मीच तो गाढव!

ऐंशीच्या दशकाची अखेर. मुंबईच्या कंपनीने मला माझ्याच गावी पाठवलेलं, मांडवीच्या आंबा कॅनिंगच्या कारखान्यात. कुठल्या डब्यात कुठल्या बागेचा रस, ते सांगणारा प्रोग्राम बसवायचा नि सीझन संपेपर्यंत तिथेच थांबायचं. मुंबईची आमची मशीनं युनिक्स नावाच्या सिस्टीमवर चालणारी, इथलं डॉसवर. एका फायलीत सिस्टीमचं नाव बदलायचं आणि प्रोग्राम मशीनवर नव्याने बांधून घ्यायचा, एवढंच काम. घर कारखान्यापासून दोन मिनिटांवर. थाट होता हो माझा!

मशीन सांभाळायला शेट्येबाई. रोज हातखंब्याहून एसटीने धक्के खात यायच्या. मालक तात्यांनी आधीच दम दिलेला, "शनिवारपर्यंत चाललं नाय, तर हे खोकं परत. नि बाई परत टायपायला."

पहिल्याच दिवशी पडदाभर चुका!

"साहेब, ती सिस्टीमची फाईल एकदा बघूया काय?" बाई म्हणाल्या.

आता माझा माज बघा! "बाई, ते तुम्हाला नाही कळायचं. मशीनला खारी हवा बाधलीय."

आमच्याकडे पंखा गंजला, रेडिओ खरखरला, की खारी हवा! मी खिडक्यांना कागद चिकटवले. तात्यांच्या डोक्यावरचा पंखा काढून मशीनवर लावला. चुका तेवढ्याच.

शुक्रवारी तात्या तडकले. "मग काय आता समुद्र हलवू?"

"मशीन हलवू," मी बोलून गेलो.

समुद्रापासून लांब, आत हातखंब्याला तात्यांचं गोदाम होतं. शनिवारी वरात तिथे. पुन्हा त्याच चुका! तात्या दारात खुर्ची टाकून बसलेले. शेवटी बाईंनी मला न विचारता ती फाईल उघडली. पहिल्याच ओळीत सिस्टीमचं नाव, युनिक्स! मी ते बदलायलाच विसरलो होतो. बाईंनी तिथे डॉस लिहिलं, प्रोग्राम पुन्हा बांधला, आणि चालू!

"चाललं!" तात्या ओरडले. "बघा, खारी हवाच होती!"

मी बाईंकडे बघितलं. आता ह्या माझी अब्रू काढणार! पण त्या शांतपणे म्हणाल्या, "होय तात्या. साहेब म्हणतात तर मशीन आता हितंच ठेवूया."

मी मुकाट मान डोलावली. खरं सांगायची हिंमत कुणाला होती?

बाईंचं घर गोदामाच्या मागेच. दुपारी घरी जाऊन गरम भात जेवायच्या. आणि मी, मुंबईचा तज्ज्ञ, अख्खा सीझन डबा घेऊन एसटीने धक्के खात हातखंब्याला!