उभा आणि आडवा

तोंडात सारखे नटबोल्ट असल्यामुळे त्या माणसाचं नाव आम्हाला नीट कळलंच नाही.

हिवरखेडला मोठ्या भावाची आणि माझी चूल वेगळी, गच्ची एकच. दोघांच्या इंटरनेटचे अँटेने एकाच पाइपाला बांधलेले. नेट दोघांचंही तुटायचं, म्हणून अँटेने दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला बोलावलं.

वर बघत तो म्हणाला, "दोघंयी संगच बोलून राहिले, आयकून कोनीच नाई राहिलं."

आम्ही भाऊ दोन दिशांना बघत उभे.

"एकाले उभा ठेवतो, एकाले आडवा. मंग शेजारी राहूनयी भांडत नाई. सांगा, आडवा कोन?"

आम्ही दोघांनीही लगेच एकमेकांकडे बोट दाखवलं.

त्यानं पहिल्यांदाच तोंडातले बोल्ट हातात काढले.

"म्या अँटेन्याचं इचारलं, भाऊ."